खिळा, साचा आणि विमान

धातूची ओतीव छोटी विमाने जमविताना सर्वांत महत्त्वाचे काय, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांना कोणी विचारील असे आम्हांला कधी वाटले नव्हते. गोंडपिपरीत विमान दिसते ते पांढऱ्या रेघेच्या टोकाला. त्याचा आवाज कानी येईपर्यंत ते वर्धा नदी ओलांडून तेलंगणात गेलेले असते. जंगल, धान, कापूस आणि पावसाळ्यात खचणारे रस्ते हे आमच्या तालुक्याचे विषय. पण काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा स्टाफरूमच्या टेबलावर आणून ठेवला आणि त्या विषयांत आणखी एकाची भर पडली.

डब्यात कापसात गुंडाळलेली पाच विमाने होती. सहकाऱ्याचे वडील नागपूरला रेल्वे डाक सेवेत होते. निवृत्तीनंतर ते गावी परतले, तेथेच वारले. घर आवरताना डबा सापडला. “तुम्ही जुनी पुस्तके जमवता, तेव्हा तुम्हांला कळेल. यांचे काय करू? विकू, घरी ठेवू की कॉलेजात मांडू?” असे त्याने विचारले. आम्ही हसलो. पुस्तकाचा आणि खेळण्यातल्या विमानाचा संबंध काय, असा आमचाही समज होता. तो समज किती चुकीचा होता हे आधी सांगतो. आमच्या हातून पुढे जे झाले ते त्यानंतर.

ओतीव खेळण्यांचा इतिहास छापखान्यात सुरू होतो. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात डाउस्ट बंधूंनी लायनोटाइप यंत्र पाहिले. ऑटमार मर्गेनथालरचे हे यंत्र १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात प्रथम चालू झाले होते. वितळलेला धातू मातृकेत दाबून अक्षरांची अख्खी ओळ ओतायची, ती छापून झाली की पुन्हा वितळवायची, असे त्याचे काम. डाउस्ट हे लॉन्ड्रीवाल्यांसाठी नियतकालिक काढणारे प्रकाशक. त्यांनी यंत्र पाहिले आणि त्यांना अक्षरे सुचली नाहीत, गुंड्या सुचल्या. जे यंत्र ओळ ओतते ते सदऱ्याची गुंडी का ओतणार नाही? गुंड्यांमागून लॉन्ड्रीच्या जाहिरातीसाठी इवलीशी इस्त्री आली, मग गाड्या आल्या, आणि लुई ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडल्यानंतर त्याच्या विमानाची धातूची प्रतिकृतीही आली. पुढे ‘टूट्सी टॉय’ या नावाने ओळखला गेलेला कारखाना तो हाच. म्हणजे पहिल्या पिढीतले ओतीव विमान हे खिळ्याचे सख्खे नाही तरी चुलत भावंड ठरते.

हे वाचल्यावर आमच्या डोळ्यांसमोर जावजी दादाजी आले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली खिळे घासण्यापासून सुरुवात केलेल्या या माणसाने पुढे स्वतःचा ओतशाळेचा उद्योग उभारला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरी अक्षराचे देखणेपण आपण वर्गात सांगतो, पण त्या देखणेपणामागे पोलादी ठसा, तांब्याची मातृका आणि शिसे-अँटिमनी-कथिलाचा रस एवढी साखळी असते हे सांगायचे राहून जाते. ठसा कोरणारा एक, त्यावरून खिळे लाखो. अक्षराची एखादी गाठ चुकली तर ती लाखो वेळा चुकणार. विमानाच्या साच्याचेही नेमके हेच असते. (देवनागरीला लायनोटाइपवर चढण्यासाठी मात्र १९३० चे दशक उजाडावे लागले. रोमन लिपीच्या यंत्राने तोवर खेळण्यांच्या दोन पिढ्या वाढवल्या होत्या.)

आता याच्या उलट टोकाचे ओतकाम आमच्या दाराशी आहे. नदीपलीकडच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात वोज कारागीर मेणाच्या साच्याने पितळ ओततात; त्या कामाला ‘आदिलाबाद डोकरा’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून आकार घडवायचा, त्यावर पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळवून त्याच्या रिकाम्या जागेत पितळेचा रस ओतायचा. मग मूर्ती मिळविण्यासाठी साचा फोडायचा. साचा फुटल्याशिवाय वस्तू जन्मत नाही, म्हणून एकासारखी दुसरी नाही. गोंडांच्या घरातला पितळी घोडा आणि लिव्हरपूलच्या कारखान्यातले विमान यांतला फरक हस्तलिखित पोथी आणि छापील आवृत्ती यांतल्या फरकासारखा आहे, असे आम्ही सहकाऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ते ठीक, पण मग जे लाखभर निघाले ते जमवण्यात काय अर्थ?” प्रश्न रास्त होता.

या लाखभरांची वंशावळ थोडी सांगितली पाहिजे. फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३३ साली आगगाड्यांच्या खेळासोबत ठेवायला छोट्या प्रतिकृती काढल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ झाल्या. त्याच वर्षी विमानांचा पहिला संच आला. त्यात इंपीरियल एअरवेजचे प्रवासी विमान होते, चक्रपंखी ऑटोजायरो होते आणि डी हॅविलंड कंपनीचे ‘लेपर्ड मॉथ’ होते. आपल्याकडच्या संग्राहकाला या शेवटच्या नावाशी थांबावे लागते. जे.आर.डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ विमानातून. लेपर्ड मॉथ हा त्याचाच पुढचा वारस. तेव्हा १९३४ चे खेळणे दाखवून “हे टाटांचे विमान” असे कोणी म्हणाले तर ते चूक. पण गंमत अशी की १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे.आर.डीं.नी त्या उड्डाणाची पन्नाशी साजरी करताना तोच मार्ग पुन्हा आक्रमिला तो लेपर्ड मॉथमधूनच. एकच खेळणे १९३२ साठी खोटे आणि १९८२ साठी खरे! पाठचिकित्सा शिकविणाऱ्याला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार?

साचे माणसांपेक्षा जास्त प्रवास करतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने खेळणी निघू लागली. साचा तोच, नाव नवे. इंग्लंडातले संग्राहक आज ही कोलकात्याची प्रत मुद्दाम शोधतात. तिचा रंग जाड असतो, कडा कमी नेटक्या असतात. आणि त्यांना तेच हवे असते, कारण मूळ साचा दमल्याची खूण त्या कडांवर दिसते. जुन्या पुस्तकांच्या बाजारात झिजलेल्या खिळ्यांवर छापलेली स्वस्त आवृत्ती ओळखणारा जाणकार असतो, तसाच हा.

बाजार मात्र वेगळे सांगतो. बाजाराच्या मते पहिला मान खोक्याचा. मूळ खोके नसेल तर विमानाची किंमत एकदम उतरते. रंगाचा टवका उडाला असेल तर आणखी. त्यानंतर प्रमाण. आजचे संग्राहक प्रवासी विमानांसाठी १:४०० किंवा १:२००, लढाऊ विमानांसाठी १:७२ असे एखादे प्रमाण धरून बसतात, आणि त्यात तथ्य आहे: ७०.६ मीटर लांबीचे बोइंग ७४७ हे १:४०० मध्ये साडेसतरा सेंटिमीटरचे होते, हातभर फळीवर सारा ताफा मावतो. जुन्या डिंकीला असले काही बंधन नव्हते. विमान खोक्यात मावले पाहिजे, मग ते कोणत्या का प्रमाणात असेना. तिसरी गोष्ट अचूकतेची. कारखाने एकच साचा करून त्यावर दहा कंपन्यांचे रंग चढवतात, त्यामुळे कधी एका उपप्रकाराच्या सांगाड्यावर दुसऱ्याच उपप्रकाराची नोंदणी छापली जाते. एका आवृत्तीची प्रस्तावना दुसऱ्या आवृत्तीला शिवावी तसे हे. मजकूर दोन्हीकडचा खरा असतो, बांधणी खोटी असते.

म्हणून आमच्या मते प्रथम पाहायची ती शेपटाजवळची चार-पाच अक्षरे, म्हणजे विमानाची नोंदणी. भारतातल्या विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होते. ही अक्षरे म्हणजे विमानाची जन्मपत्रिका आणि कधी मृत्युलेखही. ‘व्हीटी-सीक्यूपी’ वाचले की ते एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेलेले पहिले कॉन्स्टेलेशन, जे ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळले. ‘व्हीटी-डीएमएन’ वाचले की ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७. २४ जानेवारी १९६६, पुन्हा माँ ब्लाँ, आणि प्रवाशांत होमी भाभा. ‘व्हीटी-ईबीडी’ म्हणजे १९७१ साली आलेले ‘सम्राट अशोक’, खिडक्यांभोवती राजस्थानी झरोके रंगवलेले. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली. या अक्षरांशिवाय तीच प्रतिकृती नुसते सुबक लोखंड-जस्त आहे. एअर इंडियाच्या शेवटच्या ७४७ पैकी ‘व्हीटी-ईव्हीए’ने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सोडली ती सुटे भाग होण्यासाठी अमेरिकेला जायला. आता झरोकेवाले विमान मुलांना दाखवायचे तर कपाटातलेच.

अर्थात प्रतिकृती असली म्हणजे मूळही असलेच पाहिजे असे नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा मराठी माणसाला प्रिय आहे, तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. पण त्या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही, आणि ‘वैमानिक शास्त्रा’तील विमाने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला आहे. उद्या कोणी ‘मरुत्सखा’चा सुंदर ओतीव नमुना विकायला काढला तर तो श्रद्धेचा पुरावा ठरेल, उड्डाणाचा नव्हे.

एवढी विद्या गोळा झाल्यावर आम्ही डब्याकडे वळलो. खोके एकाचेही नव्हते. त्यांतले एक रुपेरी, दोन इंजिनांचे, एक पंखा तुटलेला, पंखांवर ‘पीएच’ने सुरू होणारी अक्षरे. ‘पीएच’ म्हणजे हॉलंड. पुस्तकांशी ताडून पाहता ते युद्धापूर्वीचे, १९३८ च्या सुमाराचे डिंकीचे डग्लस डीसी-३ ठरले. नागपूरच्या जुन्या बाजारात वडिलांनी ते घेतले होते, एवढेच सहकाऱ्याला ठाऊक होते. हॉलंडचे विमान नागपूरच्या डाक कर्मचाऱ्याने का जपावे?

याचे उत्तर नागपूरच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास विदर्भातही आता फारसा कोणाला आठवत नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपाल घेऊन विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. देशाच्या मध्यावर असणे एवढेच नागपूरचे भांडवल, पण ते त्या रात्री कामी येई. येथे थैल्यांची अदलाबदल होई: मुंबईची पत्रे कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. मग चारही विमाने आपापल्या दिशेला परतत आणि सकाळी चार महानगरांत एकमेकांची पत्रे वाटली जात. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. ही कामगिरी आरंभी केली ती डाकोटांनी, म्हणजे युद्धातून निवृत्त झालेल्या डीसी-३ च्या लष्करी भावंडांनी. पुढे मोठी स्कायमास्टर आली. १९७० च्या दशकात योजना संपली.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. नागपूरच्या मध्यरात्री मात्र कोणत्याही पुस्तकात सहसा नसतात, कारण रोज घडणाऱ्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो? त्या काळच्या मराठी लेखकांनी मुंबई-दिल्ली-कलकत्त्याला पाठविलेली कितीतरी पत्रे सोनेगावच्या धावपट्टीवर एका थैलीतून दुसऱ्या विमानात गेली असतील. आपण पत्रव्यवहारांचे खंड संपादित करतो, तारखांचा मेळ घालतो, आणि मुंबईचे पत्र दुसऱ्याच दिवशी कलकत्त्याला कसे पोचले याचा विचार करीत नाही.

वडिलांना डाकोटा हवे होते. भारतीय अक्षरांचे मिळाले नाही, हॉलंडचे मिळाले, ते त्यांनी ठेवले. इथवर आम्ही बरोबर होतो.

चूक झाली ती त्यानंतर. महाविद्यालयात प्रदर्शन भरणार होते. विमान काळवंडलेले, टवके उडालेले. “जरा नीट दिसू दे” म्हणून आमच्यापैकी दोघांनी एका दुपारी ते बारीक पॉलिश कागदाने घासले, बाजारातून आणलेला रुपेरी फवारा मारला, तुटलेल्या पंख्याच्या जागी पत्र्याचा पंखा चिकटविला. पीएचची अक्षरे वरून पुन्हा रंगविली. हस्ताक्षर चांगले असल्याचा आमचा गर्व त्या कामी आला. प्रदर्शनात मुलांनी ते पुष्कळ पाहिले. संध्याकाळी सहकारी आला, विमान उचलून त्याने उलटे केले आणि विचारले, “खालचे बाबांचे अक्षर कुठे गेले?”

पंखाच्या खालच्या बाजूस वडिलांनी सुईने काही कोरले होते. एक तारीख आणि तिच्यापुढे दोन-तीन शब्द. लहानपणी त्याने ते अनेकदा पाहिले होते, पण पाठ केले नव्हते. ज्या गोष्टी घरात असतात त्या कोणी पाठ करीत नाही. ओरखडे आहेत असे घासताना आम्हांला दिसले होते. ओरखडे म्हणूनच आम्ही ते काढले. पोथीच्या समासातील नोंदीला लेखकाच्या मजकुराइतके महत्त्व असते, हे आम्ही दरवर्षी एम.ए.च्या वर्गाला सांगतो.

सहकारी रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून बाजाराच्या ‘निर्दोष अवस्था’ या शब्दप्रयोगाविषयी आमचे मत पार बदलले. ज्याला कोणी हात लावला नाही, जे खोक्यातून निघाले नाही, त्याला सर्वाधिक किंमत मिळते. मग त्या वस्तूचा इतिहास तो काय? कारखान्यातून निघण्याची तारीख, बस्स. पुण्याच्या दिनकर केळकरांची येथे आठवण होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने राजा या आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने जे संग्रहालय उभारले, त्यातले अडकित्ते, दिवे, दौती पाहताना कोणी “हा वापरलेला आहे” अशी तक्रार करीत नाही. अडकित्त्याची झिजलेली मूठ हाच त्याचा मजकूर. पोथीबाबत आपण हे मानतो, अडकित्त्याबाबत केळकरांनी मानायला शिकविले. यंत्रातून निघालेल्या वस्तूबाबत मात्र आपण कारखान्याचा अधिकार हाताच्या अधिकारापेक्षा मोठा धरतो. लाखभर निघाले ते जमवण्यात अर्थ काय, या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या पंखाखाली होते. साच्याने लाख विमाने एकसारखी केली. सुईने त्यांतले एक वेगळे केले. आम्ही ते पुन्हा लाखांत नेऊन टाकले.

विमानाची गोष्ट अजून संपलेली नाही. गेल्या पावसाळ्यानंतर डाव्या पंखावर केसासारखी चीर दिसू लागली. हा रोग जुना आहे. १९३४ च्या सुमारास मेकॅनोने शिसे सोडून जस्ताचे मिश्रण वापरायला सुरुवात केली. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, थोडे तांबे, चिमूटभर मॅग्नेशियम. अमेरिकेत हे ‘झमॅक’, इंग्लंडात ‘मझॅक’. त्यासाठी जस्त ९९.९९ टक्के शुद्ध लागते. त्यात शिशाचा अंशमात्र मिसळला की कणांच्या सांध्यांतून गंज शिरतो, धातू फुगतो, तडकतो आणि अखेर हातात भुगा येतो. दमट हवेत हे लवकर घडते. युद्धापूर्वीची विमाने यामुळेच फार थोडी उरली आहेत. उपाय नाही, कोरडे ठेवून वेळ लांबविता येते इतकेच. खिळ्यांचा धातू तो खेळण्यांचा वैरी, ही गोष्ट आम्हांला रसायनाच्या सहकाऱ्याने समजावून सांगितली तेव्हा त्याला त्यातली आमची व्यथा कळली नसावी.

चीर रुंदावत आहे आणि तिच्या कडेने आमचा रुपेरी रंग पापुद्र्यासारखा सुटतो आहे. रंगाखाली अक्षर उरले असेल ही आशा नाही. पॉलिश कागदाने ते आधीच गेले होते. तरी प्रत्येक पापुद्रा आम्ही भिंगाखाली पाहतो.

विमान आता सहकाऱ्याच्या संमतीने विभागाच्या कपाटात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह वेगळ्या पेटीत आहे. इतर चारांना आम्ही स्पर्श केलेला नाही. त्यांची वरून, खालून, आतून छायाचित्रे घेतली आहेत आणि प्रत्येक ओरखडा मोजून लिहिला आहे. रुपेरी विमानासोबत एक कार्ड ठेवले आहे. त्यावर कारखाना, अंदाजे वर्ष, खरेदीचे गाव, मालकाचे नाव व नोकरी, आणि “पंखाखाली मालकाच्या हातचा मजकूर होता, एक तारीख व दोन-तीन शब्द” अशी नोंद आहे. त्याखाली आमच्यापैकी दोघांची नावे आणि रंग दिल्याची तारीख.